बाथरूमच्या टाइलचा हिशेब टाइलच्या खालून सुरू व्हावा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घर बांधणाऱ्या किंवा जुने घर दुरुस्त करून घेणाऱ्या वाचकांसाठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून बाथरूमच्या टाइलविषयी जे लेख येतात, ते मी गेली काही वर्षे लक्षपूर्वक वाचत आले आहे. त्यांत रंगसंगती असते, नक्षी असते, लहान जागा मोठी कशी भासवावी याच्या युक्त्या असतात आणि शेवटी चौरस फुटाच्या दराविषयी दोन वाक्ये असतात. वाचक त्यातून एकच आकडेमोड उचलतो, ती म्हणजे दर गुणिले क्षेत्रफळ. ही आकडेमोड अपुरी आहे आणि तिच्यामुळे पैसा नको तिथे जातो व हवा तिथे कमी पडतो. हे आम्ही मोठी किंमत मोजून शिकलो, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आम्ही पहिल्यांदा बाथरूम करून घेतले तेव्हा टाइल निवडण्यात सहा आठवडे घालवले. टाइलखाली काय करायचे याचा निर्णय मात्र अर्ध्या तासात झाला, तोही मिस्त्री थापी हातात घेऊन उभा असताना. वॉटरप्रूफिंगचा थर त्या अर्ध्या तासातच वगळला गेला, कारण मनाशी ठरवलेली रक्कम टाइलच्या पेट्यांनीच जवळजवळ संपवली होती. तीन वर्षांनी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी आम्हाला बोलावून आपल्या छतावरचा डाग दाखवला. ताटाएवढा, कडेला तपकिरी आणि मध्ये फिका असा तो डाग होता आणि त्याला बोट लावले की रंगाची पापडी सुटून खाली पडत होती. आमच्या बाथरूमची जमीन उकलावी लागली. छिन्नी लावताच टाइल जवळपास अख्ख्या निघाल्या आणि त्यांची पाठ कोरी होती. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मसाल्याचे पाच गोळे टाकून त्यांवर प्रत्येक टाइल दाबून बसवलेली होती. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत सांध्यांतून झिरपलेले पाणी साचून काळे पडले होते. टाइलमध्ये स्वतःचा असा एकही दोष नव्हता. सहा आठवडे ज्या वस्तूवर घालवले ती वस्तू चांगलीच होती आणि तरीही ती सगळी फोडून फेकून द्यावी लागली.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की टाइल आणि सांध्यांतले ग्राउट मिळून पाणी अडवतात, हा समज सोडला पाहिजे. सिमेंटच्या ग्राउटमधून पाणी हळूहळू उतरतेच, आणि ते अडवण्याचे काम टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगचे असते. हा थर जमिनीवर सलग हवा, भिंतींवर काही उंचीपर्यंत चढवलेला हवा आणि फवाऱ्याच्या बाजूला तर पूर्ण उंचीपर्यंत हवा. नळाचे पाइप जिथून बाहेर येतात त्या जागा आणि जाळीभोवतीची कड हे त्याचे सर्वांत नाजूक भाग असतात. टाइल बसवण्यापूर्वी जाळी बंद करून जमिनीवर पाणी भरून ठेवावे, निदान २४ तास पातळी पाहावी आणि खालच्या छतावर ओल येते का हेही पाहावे. या चाचणीला एक दिवस लागतो आणि पाण्यापलीकडे काहीही खर्च येत नाही. आमच्याकडे दुसऱ्या वेळी केलेल्या चाचणीत एका पाइपाशी बारीक गळती सापडली, ती अर्ध्या तासात दुरुस्त झाली. वर टाइल बसल्यानंतर हीच गळती कळायला पुन्हा काही वर्षे गेली असती.

दुसरी गोष्ट टाइल चिकटवण्याची. हल्ली बाथरूममध्ये सर्रास वापरली जाणारी व्हिट्रिफाइड किंवा पोर्सिलेन टाइल फार कमी पाणी पिते. आयएसओ १३००६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ज्या टाइलचे जलशोषण वजनाच्या ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसते, ती पोर्सिलेनच्या गटात येते, आणि भिंतीची साधी सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकते. कमी शोषण हा जमिनीच्या टाइलचा गुण आहे, पण त्याच गुणामुळे साध्या सिमेंटची पकड तिला नीट बसत नाही. सच्छिद्र टाइलच्या पाठीत सिमेंटचा रस शिरून घट्ट होतो, पोर्सिलेनमध्ये त्याला शिरायला वाटच नसते. आमच्या टाइलची पाठ कोरी निघाली ती यामुळेच. अशा टाइलसाठी पॉलिमर मिसळलेले तयार अॅडहेसिव्ह लागते, आणि पिशवीवर आयएसओ १३००७ मानकाचा सी२ (म्हणजे साध्यापेक्षा सुधारित पकडीचा) हा वर्ग छापलेला आहे की नाही, ते पाहून घ्यावे. दातेरी थापीने ते सगळीकडे सारखे पसरावे लागते. ओल्या जागी टाइलच्या पाठीचा किमान ९५ टक्के भाग अॅडहेसिव्हला टेकलेला असावा, अशी अपेक्षा अमेरिकेतील मानकांत आहे. ते तपासायला काम चालू असताना नुकतीच बसवलेली एखादी टाइल उचलायला लावून तिची पाठ पाहावी. मिस्त्रींना सुरुवातीला हे रुचत नाही, पण कारण समजावून सांगितले की चांगला कारागीर स्वतःहून दुसरी टाइल उचलून दाखवतो.

अॅडहेसिव्हचा खर्च अंदाजपत्रकात कसा धरावा, हेही सांगते. ३ मि.मी. जाडीच्या थराला २० किलोची पिशवी साधारण ४ ते ५ चौ.मी. पुरते. भिंत ओळंब्यात नसेल तर थर जाड होतो आणि पिशव्या वाढतात, म्हणून आधी प्लास्टर सरळ करून घेणे स्वस्त पडते.

आता क्षेत्रफळाकडे येते, कारण बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो. ८ फूट लांब, ५ फूट रुंद असे बाथरूम घ्या. जमीन झाली ४० चौ.फूट. चारी भिंतींची मिळून लांबी २६ फूट. टाइल ७ फुटांपर्यंत लावायची म्हटले तर १८२ चौ.फूट. त्यातून अडीच फूट रुंद व ७ फूट उंच दाराचे साडेसतरा आणि २ फूट बाय दीड फुटाच्या व्हेंटिलेटरचे ३ चौ.फूट वजा करा, म्हणजे भिंती उरल्या १६१.५ चौ.फूट. एकूण जागेपैकी जमीन जेमतेम पाचवा हिस्सा आणि भिंती चार हिस्से. हे प्रमाण ज्याच्या एकदा डोक्यात बसले, त्याची दुकानातली सगळी निवड बदलते. माणसे जमिनीची टाइल दोन पैसे स्वस्त मिळावी म्हणून घासाघीस करतात आणि भिंतीच्या टाइलचा भाव डोळे मिटून मान्य करतात, कारण भिंत नजरेत भरते. वास्तविक जमिनीची टाइल दीडपट दराची घेतली तरी तो वाढीव दर केवळ ४० चौ.फुटांनाच लागतो, आणि भिंतीच्या दरातला लहानसा फरकही त्याच्या चौपट क्षेत्रावर पसरतो.

भिंतीवर बचत करण्याचा एक सरळ मार्ग उंचीत आहे. वरच्याच उदाहरणात फवाऱ्याकडची ५ फुटांची भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंचे ३-३ फूट एवढ्याच भागात ७ फुटांपर्यंत टाइल घेतली, उरलेल्या भागात ४ फुटांवर थांबलो आणि वर ओल सोसणारा चांगला रंग दिला, तर व्हेंटिलेटर फवाऱ्याच्या बाजूला आहे असे धरून भिंतींचे क्षेत्र १२४ चौ.फूट होते. साडेसदतीस चौ.फूट वाचले, म्हणजे जवळजवळ सगळी जमीन वाचलेल्या टाइलमध्ये होऊन गेली. ज्यांना छतापर्यंत टाइल आवडते त्यांनी ती जरूर लावावी. मात्र वॉटरप्रूफिंगचे पैसे कापून ती लावू नये, एवढेच माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

मोजलेल्या क्षेत्रात तोडीची, म्हणजे कापताना वाया जाणाऱ्या टाइलची, भर घालावी लागते. सरळ मांडणीला १० टक्के, तिरप्या मांडणीला १५ टक्के धरण्याची पद्धत आहे. म्हणजे पूर्ण उंचीच्या हिशेबाने भिंतींसाठी सुमारे १७८ चौ.फूट, अर्थात १६.५ चौ.मी., आणि जमिनीसाठी ४४ चौ.फूट, म्हणजे सुमारे ४.१ चौ.मी. पेटी सुटी मिळत नसल्याने आकडा पुढच्या पूर्ण पेटीपर्यंत न्यावा लागतो. पेटीवर ०.९ चौ.मी. छापले असेल तर भिंतींना १९ आणि जमिनीला ५ पेट्या लागतील. त्यावर एक पेटी घरात जपून ठेवण्यासाठी घ्यावी. आमची जमीन उकलली तेव्हा नेमकी तीच टाइल बाजारातून बंद झाली होती, त्यामुळे भिंतींची सगळ्यांत खालची ओळही बदलावी लागली. पलंगाखाली एक पेटी असती तर एवढा तरी खर्च टळला असता.

पेट्या घेताना प्रत्येक पेटीवरचा शेडचा आणि बॅचचा क्रमांक एकच आहे का, हे दुकानातच तपासावे. भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक खेपेत रंगाची छटा किंचित बदलते आणि मापातही फरक पडतो, म्हणून शेडबरोबर कॅलिबर नावाचा मापाचा आकडाही पेटीवर दिलेला असतो. वेगळ्या कॅलिबरच्या पेट्या एकाच भिंतीवर आल्या तर सांधे जुळत नाहीत आणि मिस्त्रीला दोष दिला जातो. कमी पेट्या घेऊन नंतर आणू, हा विचार याच कारणाने महागात पडतो.

यापुढचा विषय मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, तो म्हणजे ओल्या जमिनीवरची पकड. टाइल दुकानात कोरडी, उभी आणि प्रखर दिव्याखाली पाहिली जाते, आणि घरी ती ओली, आडवी आणि साबणाच्या फेसाखाली असते. चकचकीत टाइल जमिनीला नको हे आता पुष्कळांना ठाऊक आहे, पण 'मॅट' म्हटले की पायाला धरेलच असेही नाही. मॅट हा शब्द चमक किती आहे ते सांगतो, पकडीविषयी काहीच सांगत नाही. पकडीचे मापन वेगळे असते. जर्मनीच्या डीआयएन ५१०९७ या मानकात चाचणी करणारा माणूस साबणाचे पाणी सोडलेल्या उतरत्या फळीवर अनवाणी चालतो आणि फळीचा कल हळूहळू वाढवला जातो. १२ अंशांपर्यंत जी टाइल पाय धरते ती ए वर्गात येते, १८ अंशांपर्यंत धरते ती बी वर्गात आणि २४ अंशांपर्यंत धरते ती सी वर्गात. तिथल्या मार्गदर्शनाप्रमाणे सार्वजनिक शॉवरच्या जागेसाठी बी वर्ग अपेक्षित असतो. दुकानांत त्याऐवजी आर९, आर१०, आर११ असे आकडे जास्त ऐकू येतात. ते डीआयएन ५११३० या दुसऱ्या चाचणीचे आहेत आणि ती चाचणी तेल सोडलेल्या फळीवर बूट घालून केली जाते. आर आकडा अगदीच निरुपयोगी नाही, आर९ पेक्षा आर१० किंवा आर११ निश्चितच सुरक्षित, पण बाथरूममध्ये कोणी बूट घालून उभे राहत नाही. म्हणून अनवाणी चाचणीचा वर्ग विचारावा. उत्तर मिळाले नाही तर नमुना घरी न्यावा.

आम्ही दुसऱ्या वेळी हेच केले. तीन नमुने आणून बाथरूममध्ये सपाट मांडले, त्यांवर अंगाच्या साबणाचे पाणी ओतले आणि भिंतीचा आधार धरून एकेकावर टाच दाबून सरकवून पाहिली. दुकानात बोटांना सर्वांत खरखरीत लागलेला नमुना साबणाखाली टाचेला अजिबात धरत नव्हता, आणि ज्याला आम्ही फारसे महत्त्व दिले नव्हते त्या बारीक दाण्याच्या करड्या टाइलवर पाय जागचा हलला नाही. नंतर त्याच नमुन्यांवर तेलकट हात पुसून, रात्रभर तसेच ठेवून सकाळी ब्रशने धुऊन पाहिले, कारण जितकी पकड जास्त तितका मळ धरण्याचा संभव जास्त. ही देवाणघेवाण प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. सर्वांत खडबडीत टाइल घेतली तर ती घासणाऱ्या माणसाचे हाल होतात आणि न घासलेल्या शेवाळी थरावर पाय पुन्हा घसरतोच. आम्ही मधला मार्ग घेतला. फवाऱ्याखाली आणि दाराशी भरपूर पकड घेतली आणि भिंतींना पुसायला सोपी गुळगुळीत टाइल लावली. घरात वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर पकडीच्या बाजूला आणखी झुकावे.

पकड टाइलच्या आकारावरही अवलंबून असते, कारण सांधे पायाला धरतात. १ चौ.मी. जागेत ६०० मि.मी.च्या चौरस टाइलचे सांधे मिळून सुमारे ३.३ मीटर भरतात, ३०० मि.मी.च्या टाइलचे ६.७ मीटर आणि ५० मि.मी.च्या मोझेकचे तब्बल ४० मीटर. लहान टाइल उतारालाही सहज वळते. ८ फुटांच्या लांबीत ८० ला १ असा ढाळ दिला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीन सुमारे ३० मि.मी. उतरते. चारी बाजूंनी जाळीकडे उतार हवा असेल तर मोठी टाइल त्या वळणावर बसत नाही. ती कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी कापावी लागते, नाहीतर तिच्याखाली पोकळी राहते किंवा वर डबके राहते. मोठीच टाइल हवी असेल तर भिंतीलगत लांब सरळ नाली घेऊन जमिनीला एकाच दिशेने उतार द्यावा, मात्र त्या नालीचा खर्च आधीच मांडावा. उलट बाजूने पाहता सांधे जितके जास्त तितके ग्राउट जास्त आणि घासणेही जास्त, म्हणून मोझेक फवाऱ्याखालच्या तुकड्यापुरते ठेवणे मला योग्य वाटते.

ग्राउटवर मात्र काटकसर करू नये. फवाऱ्याच्या भागात आणि जमिनीवर इपॉक्सी (रेझिनचे) ग्राउट सिमेंटच्या ग्राउटपेक्षा महाग पडते, ते भरायला कौशल्य लागते आणि टाइलच्या पृष्ठभागावर सांडलेले वेळेत पुसले नाही तर कायमचे चिकटते. पण ते पाणी जवळजवळ शोषत नाही आणि डाग धरत नाही. पांढरे सिमेंट भरून सांधे बुजवण्याची जुनी सवय सोडावी, ते लवकर भेगाळते आणि पिवळे पडते. टाइल टाइलला भिडवून बिनसांध्याची जमीन करून द्या, असा आग्रह काही जण धरतात, तोही चुकीचा आहे, कारण प्रत्येक टाइलच्या मापात किंचित फरक असतो आणि घर उष्णतेने व वजनाने थोडे हलत असते. कडा घासून एकसारख्या केलेल्या रेक्टिफाइड टाइललाही २ मि.मी.चा सांधा हवाच. जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउटऐवजी सिलिकॉन भरावे, कारण तिथे कडक ग्राउट हमखास तडकते.

भिंतीसाठी व्हिट्रिफाइड टाइल घेण्याची गरज नसते, हे पैशाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. भिंतीवर कोणी चालत नाही आणि जड वस्तू पडत नाही. साधी ग्लेझ केलेली सिरॅमिक टाइल वजनाला हलकी, कापायला सोपी आणि सिमेंटवरही धरणारी असते. तिच्या मागे वॉटरप्रूफिंग असेल तर तिचे जास्त जलशोषण अडचणीचे ठरत नाही. झिजेचा पीईआय वर्ग दुकानदार अगत्याने सांगतात, पण घरगुती बाथरूममध्ये टाइल पायांनी झिजून खराब झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही. नैसर्गिक दगडाचा मोह मी समजू शकते, पण संगमरवर आम्लाने झिजतो, बाथरूम धुण्याच्या पुष्कळ द्रावणांत आम्ल असते, आणि दगडाला ठरावीक काळाने सीलर, म्हणजे त्याची छिद्रे बंद करणारा द्रव, लावावा लागतो, हा पुढचा खर्च धरूनच त्याचा दर पाहावा. गडद रंगाच्या चकचकीत भिंतींवर क्षारयुक्त पाण्याचे पांढरे ठिपके दिसतात, तेव्हा ज्यांचे पाणी जड आहे त्यांनी फिकट किंवा मध्यम छटा घ्यावी.

मजुरीविषयी थोडे सांगितले पाहिजे. मोठी टाइल बसवायला दोन माणसे लागतात, पाइपांसाठी भोके पाडावी लागतात, कोनाड्याच्या कडा ४५ अंशांत घासाव्या लागतात, आणि या प्रत्येकाची मजुरी वेगळी लागते. काम ठरवताना हे विचारले नाही तर शेवटच्या बिलात ते आपोआप येते. मांडणी कागदावर आधी काढली तर तोडही कमी होते. समजा ५ फुटांची, म्हणजे १५२४ मि.मी.ची भिंत आहे आणि टाइल ३०० मि.मी. रुंदीची, सांधा २ मि.मी.चा. एका कोपऱ्यातून सुरुवात केली तर पाच टाइल बसून शेवटी १४ मि.मी.ची पट्टी उरते, जी कापताना मोडते आणि बसली तरी कायम डोळ्यांत खुपते. मध्यातून सुरुवात करून चार अख्ख्या टाइल घेतल्या तर दोन्ही कडांना सुमारे १५७ मि.मी.चे सारखे तुकडे येतात. हा कागद आम्ही दुसऱ्या वेळी मिस्त्रींच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो भिंतीवरच चिकटवून ठेवला आणि काम संपेपर्यंत काढला नाही.

जुनी टाइल तशीच ठेवून वर नवी बसवण्याचा सल्ला खर्च वाचवण्यासाठी दिला जातो. जुनी टाइल ठोकून पाहिल्यावर कुठेच पोकळ वाजत नसेल, गळती नसेल आणि दाराशी उंचीला जागा असेल तर भिंतीपुरता तो विचार करता येतो. जमिनीवर मी तो करणार नाही, कारण खालची गळती झाकली जाते आणि बाथरूमची पातळी बाहेरच्या खोलीच्या बरोबरीला येऊन पाणी उंबऱ्यावरून जाते. फोडायचेच ठरले तर फोडण्याची मजुरी, राडारोडा उचलण्याचा खर्च आणि उघडल्यावर सापडणाऱ्या गोष्टींसाठी एकूण रकमेच्या १० ते १५ टक्के राखीव रक्कम ठेवावी. आमच्याकडे गंजलेला एक पाइप आणि ओळंब्यातून सुटलेली एक भिंत सापडली, आणि राखीव रकमेपैकी थोडेच उरले.

माझ्या वहीप्रमाणे दुसऱ्या वेळच्या एकूण खर्चात टाइलच्या पेट्यांचा वाटा साधारण एक तृतीयांश होता. बाकीचे दोन तृतीयांश फोडकाम, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, अॅडहेसिव्ह, ग्राउट, मजुरी आणि राखीव रक्कम यांत गेले. पहिल्या वेळी आम्ही हे प्रमाण उलटे धरले होते. म्हणूनच अंदाजपत्रक लिहायला बसताना कागदाच्या डोक्यावर टाइलचे नाव न लिहिता आधी फोडकाम, पाइप, वॉटरप्रूफिंग आणि ढाळ लिहावा, मग अॅडहेसिव्ह, ग्राउट व मजुरी, मग राखीव रक्कम, आणि हे सगळे एकूण रकमेतून वजा केल्यावर जे उरेल त्याला पेट्यांच्या संख्येने भागून टाइलचा दर ठरवावा. दुकानात तो आकडा खिशात घेऊन जावे.

संपादक महोदय, आपल्याकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. घरविषयक पुरवणीत जेव्हा टाइलवर लेख येईल तेव्हा नुसत्या चौरस फुटाच्या दराऐवजी एखाद्या ठरावीक मापाच्या बाथरूमचा संपूर्ण खर्च, टाइलखालच्या सगळ्या थरांसह, वाचकांपुढे मांडावा. आणि टाइलच्या ज्या जाहिराती आपण छापता, त्यांत जमिनीच्या टाइलला अनवाणी पकडीचा वर्ग आणि जलशोषणाचा आकडा दिलेला असावा, असा आग्रह जाहिरातदारांकडे धरावा. उत्पादकांच्या तांत्रिक पत्रकांत हे आकडे बहुधा असतात. ते नमुन्याच्या मागच्या चिठ्ठीवर आणि जाहिरातीतल्या चित्राखाली छापायला एक ओळ पुरते, आणि ती ओळ वाचून कोणीतरी टाइल हातात घेण्यापूर्वी ती पायाला कशी धरेल हे विचारेल.

आपली नियमित वाचक